लोथलोरिएन

लोथलोरिएन हे इंग्रज लेखक व भाषाशास्त्रज्ञ जे. आर. आर. टॉल्किन (१८९२–१९७३) यांनी कल्पिलेल्या 'मिडल-अर्थ' या जगातील एक अरण्यराज्य आहे. 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज' या कादंबरीच्या 'द फेलोशिप ऑफ द रिंग' या पहिल्या खंडात (१९५४) त्याचे सविस्तर वर्णन आले असून पुढील दोन खंड, परिशिष्टे आणि टॉल्किन यांच्या मृत्यूनंतर प्रसिद्ध झालेले लेखन यांत त्याचा पूर्वेतिहास व शेवट सापडतो. या राज्याचे रहिवासी एल्फ, म्हणजे जरा व व्याधी यांपासून मुक्त असलेले, मानवाहून प्राचीन असे लोक आहेत. कथेच्या काळी तेथे गॅलाड्रिएल व तिचा पती केलेबॉर्न यांची सत्ता आहे. लोथलोरिएनची ख्याती त्याच्या सौंदर्यासाठी असली, तरी कथानकातील त्याचे महत्त्व वेगळे आहे. हे अरण्य ज्या शक्तीने टिकून राहिले आहे, ती शक्ती शत्रूच्या पराभवाबरोबरच नाहीशी होणार आहे, आणि हे ठाऊक असूनही तेथील राज्यकर्ते शत्रूच्या पराभवासाठीच साहाय्य करतात.

नावे

या प्रदेशाला निरनिराळ्या काळी व निरनिराळ्या लोकांकडून मिळालेली नावे हा एक स्वतंत्र अभ्यासविषय आहे. टॉल्किन यांनी आपल्या जगातील भाषा आधी रचल्या आणि कथा त्यांच्या आधाराने वाढवल्या. त्यामुळे त्यांच्याकडे नाव बदलणे म्हणजे इतिहास बदलणे असते. सर्वांत जुन्या नावांपैकी 'लोरिनांद' याचा अर्थ सोन्याची दरी असा होतो. 'लाउरेलिन्दोरेनान' या लांबलचक नावात गाणाऱ्या सोन्याच्या दरीचा देश असा अर्थ भरलेला आहे. 'लोथलोरिएन' या नावात मात्र फूल आणि स्वप्न हे दोनच अर्थ उरले आहेत. फॅंगॉर्न अरण्याचा वृद्ध वृक्षपाल ट्रीबिअर्ड हा या बदलातूनच तो प्रदेश ओसरत चालल्याचे अनुमान काढतो. 'लोरिएन' हे संक्षिप्त रूप पश्चिमेकडील देवभूमीतील एका उद्यानाचेही नाव आहे आणि हे साम्य योगायोगाचे नाही. गॅलाड्रिएलचा जन्म त्याच भूमीतला.

शेजारच्या रोहन राज्यातील माणसे या अरण्याला 'ड्विमॉर्डीन' म्हणतात. त्या नावात भुताटकीचा, मायावी दरीचा भाव आहे. सर्वसामान्य भाषेत 'सोनेरी वन' हेच नाव रूढ आहे.

स्थान व वनश्री

मिस्टी माउंटन्स या पर्वतरांगेच्या पूर्वेस आणि आन्दुइन या महानदीच्या पश्चिमेस लोथलोरिएन वसलेले आहे. पर्वतातून येणारी केलेब्रांत नदी त्यातून वाहत जाऊन आन्दुइनला मिळते. निमरोदेल नावाचा लहानसा प्रवाह केलेब्रांतला मिळतो. दोन नद्यांमधील पाचरीसारख्या भूभागाला 'नाइथ' म्हणतात आणि त्याच्या अगदी आतल्या, सर्वाधिक जपलेल्या भागाला 'एग्लादिल'. केलेब्रांतवर पूल नाही. पहारेकरी दोर टाकून नदी ओलांडतात व दोर पुन्हा काढून घेतात.

भोवतालच्या भूगोलात या अरण्याची स्थिती नाजूक आहे. पश्चिमेला मोरिया ही ड्वार्फ लोकांची ओस पडलेली भूमिगत नगरी असून तिथे आता ऑर्क टोळ्या व एक प्राचीन अग्निराक्षस यांचा वावर आहे. पूर्वेला, आन्दुइनच्या पलीकडे, मर्कवुड अरण्याच्या दक्षिण भागात डोल गुलदूर हा शत्रूचा किल्ला उभा आहे. लोथलोरिएनमधील केरिन आम्रोथ या टेकडीवरच्या झाडावर चढले, की एका बाजूला सोनेरी पर्णसंभार आणि दुसऱ्या बाजूला तो काळोखा प्रदेश एकाच दृष्टिक्षेपात दिसतो.

या वनाचा मानबिंदू म्हणजे 'मॅलोर्न' हा वृक्ष. त्याची साल गुळगुळीत व राखाडी असते. शरदात त्याची पाने सोन्यासारखी पिवळी होतात, पण गळत नाहीत. ती हिवाळाभर फांद्यांवर राहतात आणि वसंतात नवी हिरवी पालवी व पिवळी फुले आली, की मगच खाली पडतात. त्यामुळे वसंतात जमिनीवर सोन्याचा सडा आणि डोक्यावर सोन्याचे छत असा देखावा होतो. ऐन थंडीत पाने धरून ठेवणारे हे झाड म्हणजे त्या राज्याच्या साऱ्या वृत्तीचे चिन्हच मानावे लागेल. 'अनफिनिश्ड टेल्स' (१९८०) या मरणोत्तर संग्रहातील माहितीनुसार हा वृक्ष मूळचा येथला नव्हे. समुद्रापलीकडून नूमेनोर बेटावर आणि तेथून भेटीदाखल एल्फ राजा गिल-गलाद याच्याकडे त्याची फळे आली. त्याच्या भूमीत ती रुजली नाहीत, म्हणून त्याने ती गॅलाड्रिएलला दिली आणि तिच्या हाती ती रुजली. गवतात उगवणारी 'एलानोर' ही चांदणीसारखी पिवळी आणि 'निफ्रेदिल' ही फिकट पांढरी फुले हिवाळ्यातही बहरलेली असतात.

राजधानी कारास गलाधोन ही वृक्षांवर वसलेली नगरी आहे. खंदक व हिरव्या तटाने वेढलेल्या टेकडीवर प्रचंड मॅलोर्न उभे आहेत. त्यांच्या फांद्यांवर 'तलान' नावाचे लाकडी मचाण बांधून लोक राहतात; बहुतेक मचाणांना भिंती किंवा कठडे नसतात. राज्यकर्त्यांचे सभागृहही सर्वांत मोठ्या झाडावरच आहे. टॉल्किन यांच्या इतर एल्फ राज्यांशी तुलना केल्यास हे वेगळेपण लक्षात येते. 'द हॉबिट' (१९३७) या कादंबरीतील वनराजाचा महाल उत्तर मर्कवुडमध्ये असला, तरी तो जमिनीखालच्या गुहांत आहे. झाडे न तोडता, त्यांच्या अंगाखांद्यावर वसलेले राज्य ते लोथलोरिएनच.

लोक व भाषा

येथील रहिवाशांना 'गलाध्रिम', म्हणजे वृक्षजन, म्हणतात. त्यांतील बहुसंख्य लोक वनवासी एल्फ आहेत. देवभूमीकडे निघालेल्या महायात्रेत पर्वत ओलांडण्याऐवजी जे मागेच राहिले, त्यांचे ते वंशज. राज्यकर्ते मात्र बाहेरचे. आम्दीर व त्याचा पुत्र आम्रोथ हे पूर्वीचे राजे सिंदार कुळातले. केलेबॉर्नही त्याच कुळातला. आणि गॅलाड्रिएल ही देवभूमी सोडून आलेल्या नोल्दोर राजघराण्यातली. वाचक गॅलाड्रिएलच्या तेजाने इतका दिपतो, की ज्यांचे हे अरण्य, ते लोक कथेत जवळजवळ मुके आहेत हे त्याच्या ध्यानी येत नाही.

त्यांच्या बाजूचा एक आवाज मात्र टॉल्किन यांनी जपला आहे, तो निमरोदेल या वनकन्येचा. 'अनफिनिश्ड टेल्स'मधील कथेनुसार पश्चिमेकडून आलेल्या एल्फांनी आपल्याबरोबर युद्धे आणली व जुनी शांती मोडली असा तिचा आक्षेप होता. वनवासींची जुनी बोली इतरांनी टाकून दिल्यावरही ती तीच बोलत राहिली आणि धबधब्याजवळ एकटी राहिली. तो प्रवाह आजही तिचे नाव वाहतो.

भाषेसंबंधी एक सूक्ष्म तपशील परिशिष्टात आला आहे. नायक फ्रोडो याला गलाध्रिमांचे बोलणे कळत नाही व ती निराळीच भाषा असावी असे त्याला वाटते. टीपेत स्पष्ट केले आहे, की ती सिंदारिन हीच सामान्य एल्फ भाषा होती. केवळ वनवासी वळणाच्या उच्चारांमुळे आणि फ्रोडोच्या तुटपुंज्या ज्ञानामुळे त्याचा गैरसमज झाला. जुनी बोली लोपली, पण तिचा हेल उरला. प्रमाणभाषा आणि बोली यांचा संबंध ज्यांनी वर्गात शिकवला आहे, त्यांना या एका टीपेत टॉल्किन यांच्यातला भाषाशास्त्राचा प्राध्यापक दिसेल.

पूर्वेतिहास

दुसऱ्या युगाच्या अखेरीस शत्रू साउरॉन याच्याविरुद्ध झालेल्या महायुद्धात राजा आम्दीर आपल्या सैन्याच्या मोठ्या भागासह मारला गेला. त्याच्यानंतर आम्रोथ गादीवर आला. तिसऱ्या युगाच्या १९८० साली मोरियात अधिकाधिक खोल खणणाऱ्या ड्वार्फ लोकांच्या हातून तो अग्निराक्षस जागा झाला. भीतीने अनेक वनवासी दक्षिणेकडे निघून गेले, त्यांत निमरोदेलही होती. आम्रोथचे तिच्यावर प्रेम होते. समुद्रकिनारी तो जहाजात तिची वाट पाहत असता वादळाने जहाज खोल समुद्रात ओढून नेले. तेव्हा त्याने पाण्यात उडी घेतली आणि तो पुन्हा दिसला नाही. निमरोदेल वाटेतल्या पर्वतांत हरवली. यानंतर गॅलाड्रिएल व केलेबॉर्न यांनी राज्याचा भार घेतला, पण राजा-राणी ही पदे त्यांनी धारण केली नाहीत.

सीमा आणि परके

कथेत वाचक लोथलोरिएनमध्ये प्रवेश करतो तो निर्वासितांबरोबर. साउरॉनची सर्वसत्ताधारी अंगठी नष्ट करण्यासाठी निघालेल्या नऊ जणांच्या तुकडीचा नेता गॅन्डाल्फ मोरियात पडतो. उरलेले आठ जण तिसऱ्या युगाच्या ३०१९ सालच्या जानेवारीत शोकाकुल अवस्थेत या वनाच्या कडेला पोहोचतात. सीमारक्षक हाल्दिर व त्याचे दोन भाऊ त्यांना अडवतात. आठांपैकी गिम्ली हा ड्वार्फ आहे आणि ड्वार्फांना या भूमीत फार काळापासून प्रवेश नाही. त्याने डोळ्यांवर पट्टी बांधून चालावे, असा पर्याय पुढे येतो. गिम्ली संतापतो. आरागॉर्न तोडगा काढतो, की पट्टी बांधायची तर सर्वांनीच. आणि मग एल्फ असलेल्या लेगोलासलाही स्वजनांच्या वनातून आंधळ्यासारखे चालावे लागते.

हा प्रसंग छोटा असला तरी लेखकाने तो सहज घातलेला नाही. शत्रूला विरोध करणारेच एकमेकांना परके झाले आहेत आणि यातच शत्रूची ताकद सर्वांत स्पष्ट दिसते, अशी कबुली हाल्दिर स्वतः देतो. तरीही नियम मोडण्याचे धाडस त्याला होत नाही. निरोप आल्यावरच पट्ट्या सुटतात. पुढे गॅलाड्रिएल गिम्लीशी त्याच्या भाषेतील प्राचीन स्थळनामे उच्चारून बोलते आणि वैरी म्हणून आलेला ड्वार्फ तिचा भक्त होऊन जातो. निघताना तो तिच्या केसाची एकच बट मागतो. ती तीन केस देते. अविश्वास मात्र दोन्ही बाजूंनी आहे. गॉन्डॉरचा बोरोमिर या वनात पाऊल टाकायलाच कचरतो आणि रोहनचा एओमेर गॅलाड्रिएलला चेटकीण समजतो. ज्या देशात कोणी जात नाही, त्याविषयी शेजाऱ्यांत अशाच कथा पसरतात.

काळाचा प्रश्न

पाहुणे लोथलोरिएनमध्ये सुमारे एक महिना राहतात. १६ फेब्रुवारीला नावांतून निघतात. नदीवर आल्यावर सॅम या हॉबिटला चंद्र पाहून हिशेब लागेनासा होतो. आपण तिथे काही दिवसच होतो, की मुळीच नव्हतो, असे त्याला वाटते. यावर फ्रोडो, लेगोलास व आरागॉर्न निरनिराळी मते मांडतात. आरागॉर्नचे म्हणणे असे, की बाहेरचा काळ नेहमीप्रमाणेच गेला. आत असताना तो जाणवला नाही एवढेच.

परीराज्यात क्षणभर रमलेला माणूस परततो तेव्हा बाहेर कित्येक वर्षे उलटलेली असतात, हा युरोपीय लोककथांतील प्रसिद्ध कल्पनाबंध आहे. आपल्याकडे भागवतात ककुद्मी राजा कन्या रेवतीसह ब्रह्मलोकी जातो आणि परतेपर्यंत युगे लोटलेली असतात, तीही याच जातीची कथा. टॉल्किन यांनी ही कल्पना तशीच घेतली नाही. त्यांच्या कच्च्या मसुद्यांत, जे त्यांचे पुत्र क्रिस्टोफर टॉल्किन यांनी 'द ट्रीझन ऑफ आयझेनगार्ड' (१९८९) या खंडात संपादित केले, लोथलोरिएनमधील काळाचा वेग बाहेरच्याहून खरोखरच भिन्न ठेवण्याचा विचार दिसतो. अंतिम संहितेत दिनदर्शिका अबाधित राहिली आणि फरक अनुभवापुरता उरला. अभ्यासक व्हर्लिन फ्लीगर यांनी 'अ क्वेश्चन ऑफ टाइम' (१९९७) या ग्रंथात हा प्रश्न टॉल्किन यांच्या साऱ्या लेखनातील काळविषयक चिंतनाशी जोडला आहे.

नेन्या आणि तिची किंमत

काळ थोपवल्याचा हा भास ज्यामुळे होतो, ती वस्तू म्हणजे 'नेन्या' ही गॅलाड्रिएलच्या बोटातील अंगठी. एल्फ कारागीर केलेब्रिम्बोर याने दुसऱ्या युगात घडवलेल्या तीन अंगठ्यांपैकी ती एक. साउरॉनचा हात या तिन्हींना कधी लागला नाही आणि शस्त्र म्हणून त्या केलेल्याही नव्हत्या. जे आहे ते जपणे, झीज रोखणे, हेच त्यांचे कार्य. परंतु ज्या विद्येने त्या घडल्या, ती साउरॉनने शिकवलेली होती. म्हणून त्याची अंगठी अस्तित्वात असेपर्यंतच या तिघींचे सामर्थ्य टिकते. तीन अंगठ्या कोणाकडे आहेत हे गुपित असते. फ्रोडो स्वतः साउरॉनची अंगठी वाहत असल्याने त्याला नेन्या दिसते. शेजारी उभ्या असलेल्या सॅमला मात्र गॅलाड्रिएलच्या बोटांमधून एक तारा चमकल्याचाच भास होतो.

संपूर्ण कादंबरीतील एक कठोर पेच येथे उभा राहतो. फ्रोडो अयशस्वी झाला, तर लोथलोरिएन शत्रूपुढे उघडे पडेल. तो यशस्वी झाला, तर नेन्याची शक्ती सरेल, काळाचा ओघ आत शिरेल आणि एल्फांना समुद्रापार जावे लागेल किंवा विस्मृतीत विरून जावे लागेल. गॅलाड्रिएल हे फ्रोडोला स्पष्ट सांगते. त्याच भेटीत फ्रोडो सर्वसत्ताधारी अंगठी तिला देऊ करतो. हजारो वर्षे जिची अभिलाषा मनात घोळली, ती वस्तू आपल्या पायांनी चालत आलेली असते आणि तिच्या बळावर हे वन कायमचे राखता आले असते. क्षणभर ती त्या सत्तेचे रूप दाखवते आणि नंतर नकार देते. दर्पणाच्या दृश्यातील जादू सर्वांच्या लक्षात राहते. पण या नकाराबरोबर एका देशाचा शेवटही तिने पत्करला आहे, ही गोष्ट वाचताना निसटू नये.

युद्ध आणि शेवट

मार्च ३०१९ मध्ये डोल गुलदूरहून लोथलोरिएनवर तीन हल्ले झाले. वनाच्या कडांची हानी झाली, पण प्रत्येक हल्ला परतवला गेला. अंगठी नष्ट झाल्यावर केलेबॉर्नने सैन्यासह आन्दुइन ओलांडली, किल्ला जिंकला आणि गॅलाड्रिएलने त्याच्या भिंती पाडून टाकल्या. विजय पूर्ण होता. दोन वर्षांनी, ३०२१ च्या सप्टेंबरअखेर, गॅलाड्रिएल जहाजाने पश्चिमेस निघून गेली. केलेबॉर्नने मर्कवुडच्या दक्षिण भागात काही काळ राज्य केले, पण पुढे तोही एकटेपणाला कंटाळून रिव्हेंडेल या दुसऱ्या एल्फ वसाहतीत राहायला गेला. लोथलोरिएनमध्ये उरले ते थोडेसे वनवासी.

आरागॉर्न व एल्फकन्या आर्वेन यांनी तारुण्यात केरिन आम्रोथवर एकमेकांना वचन दिले होते. पतीच्या मृत्यूनंतर आर्वेन एकटीच येथे आली व मावळत्या झाडांखाली राहिली. ऋतुचक्र आता इतर कोणत्याही वनासारखेच फिरत होते. मॅलोर्नची पाने गळत असता, वसंत येण्यापूर्वी, त्याच टेकडीवर तिने देह ठेवला.

गॅलाड्रिएलने माळी असलेल्या सॅमला निरोपाच्या वेळी आपल्या बागेतील मातीची एक साधी डबी दिली होती. तीत मॅलोर्नचे एक बी होते. सॅमने ते आपल्या गावच्या मैदानात, शत्रूच्या हस्तकांनी तोडलेल्या जुन्या झाडाच्या जागी, लावले. पर्वतांच्या पश्चिमेला व समुद्राच्या पूर्वेला असलेला तो एकमेव मॅलोर्न ठरला.

लेखकाची भूमिका आणि अभ्यासकांची मते

टॉल्किन यांना लोथलोरिएनविषयी निःसंशय ममत्व होते. वसंतातील या वनाचे एक रंगीत चित्रही त्यांनी काढले आहे. १९७२ साली एका इंग्रजी दैनिकाने वनीकरणाने आलेल्या उदासीला त्यांचे नाव जोडले, तेव्हा त्यांनी संपादकांना पत्र लिहून हरकत घेतली. आपण आपल्या सर्व लेखनात झाडांच्या बाजूने उभे आहोत आणि लोथलोरिएन सुंदर आहे ते तिथे झाडांवर प्रेम केले गेले म्हणून, अशी त्यांची भूमिका होती. तथापि १९५४ सालच्या एका पत्रात त्यांनी एल्फांवर टीकाही केली आहे. बदल नको म्हणून जगाला मसाल्यात घालून जतन करू पाहणे हा त्यांचा दोष होय, असे त्यांचे मत होते. या दोन पत्रांपैकी एकच वाचून लोथलोरिएनला केवळ आदर्श राज्य किंवा केवळ सुंदर थडगे ठरवणारे लेखन आढळते. दोन्ही एकत्र ठेवूनच ते वाचणे इष्ट.

टॉम शिप्पी यांनी नदी ओलांडून पलीकडच्या निष्कलंक भूमीत जाण्याच्या कल्पनेचा संबंध 'पर्ल' या मध्ययुगीन इंग्रजी काव्याशी लावला आहे. टॉल्किन यांनी त्या काव्याचा अनुवाद केला होता. गॅलाड्रिएलच्या चित्रणात मदर मेरीच्या कॅथलिक कल्पनेचा वाटा असल्याचे टॉल्किन यांनी पत्रांतून मान्य केले, परंतु १९७१ मध्ये त्यांनी असेही नमूद केले, की गॅलाड्रिएल मुळात बंडखोर व पश्चात्तापदग्ध आहे. आयुष्याच्या अखेरच्या महिन्यात मात्र ते तिचा पूर्वेतिहास बदलून तिला बंडापासूनच निर्दोष करण्याच्या विचारात होते. ते काम अपुरे राहिले. कादंबरीच्या दृष्टीने ते बरेच झाले असे म्हणावे लागते, कारण जिला मोह कधी शिवलाच नाही, तिच्या नकाराला फारसे वजन राहिले नसते.

रूपांतरे

राल्फ बाक्शी यांच्या १९७८ च्या सचेतपटात लोथलोरिएनचा भाग थोडक्यात येतो. पीटर जॅक्सन यांच्या २००१ च्या चित्रपटात केट ब्लँचेट यांनी गॅलाड्रिएल, मार्टन चोकाश यांनी केलेबॉर्न आणि क्रेग पार्कर यांनी हाल्दिर साकारला. चित्रपटातील नगरी प्रामुख्याने रात्रीच्या निळसर प्रकाशात दिसते. मूळ वर्णनातील हिवाळी उन्हातले सोने तिथे जवळजवळ नाही. डोळ्यांवर पट्ट्या बांधण्याचा प्रसंग गाळला आहे आणि निरोपाच्या भेटींपैकी बऱ्याच केवळ विस्तारित आवृत्तीत पाहायला मिळतात. २००२ च्या दुसऱ्या भागात हाल्दिर एल्फांची तुकडी घेऊन रोहनच्या साहाय्याला जातो व तिथे मारला जातो. कादंबरीत असे घडत नाही. त्या काळात लोथलोरिएनचे सैन्य स्वतःच्याच सीमेवर लढण्यात गुंतलेले असते.